‘सिकेलो’च्या दिवशीच सगळं: मलावीच्या खेड्यात गरोदर बाईचे संसर्ग कसे शोधायचे आणि कसे सांभाळायचे

मलावीत गरोदरपणाच्या तपासणीला बायका ‘सिकेलो’ म्हणतात. सिकेलो म्हणजे वजनकाटा. आपल्याकडे कुठलीही लस असली तरी गावातली बाई ‘डोस पाजायला चाललेय’ म्हणते ना, तसंच हे. काट्यावर उभं राहायला जायचं, एवढंच तिच्या लेखी दवाखान्याचं काम असतं. त्या एका फेरीत एचआयव्ही, उपदंश, हिवताप, क्षयरोग, कावीळ ब, बिल्हार्झिया (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या कृमीचा रोग) आणि जंत यांच्याकडे आपल्याला बघून घ्यायचं असतं. हे तिला माहीत नसतं, आणि नवख्या डॉक्टरलाही पहिल्या आठवड्यात ते उमगत नाही.

मलावीत किंवा शेजारच्या झांबिया-मोझांबिकमध्ये ग्रामीण आरोग्य केंद्रावर काम करायला निघालेल्या डॉक्टर, नर्स आणि लॅब टेक्निशियन मंडळींसाठी हे लिहितोय. डोस मी प्रचलित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिलेत. तरी तिथे पोहोचल्यावर त्या देशाचं ताजं पुस्तक आधी मागून घ्या, कारण चाचण्यांचा क्रम आणि औषधांची नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. औषधं सोपी आहेत, अवघड आहे ते अंतर. बाई दहा-बारा किलोमीटर चालत किंवा ‘काबाझा’वर, म्हणजे भाड्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून येते. तिला ‘उद्या या’ म्हणालात तर ती येईलच असं नाही. म्हणून खालची सगळी मांडणी एकाच हट्टाभोवती आहे: जे आज होऊ शकतं ते आजच करायचं, तेही एकाच छपराखाली.

निघण्याआधी: चार शब्द आणि एक ऋतू

प्रत्येक बाईला ‘अमायी’ म्हणायचं, वयाने लहान असली तरी. मराठी कानाला हे लगेच जवळचं वाटतं. आजी म्हणजे ‘अगोगो’, आणि बाळाच्या तोंडात काय जातं ते बहुतेक घरांत तीच ठरवते. एचआयव्हीच्या विषाणूला ‘काचिलोम्बो’ म्हणतात, म्हणजे छोटा किडा. उपदंश ‘चिंडोको’, बिल्हार्झिया ‘लिकोड्झो’, आणि क्षयरोग ‘चिफुवा चाचिकुलु’, म्हणजे मोठा खोकला. ‘मलुंगो’ या शब्दाला मात्र जपा. तो हिवतापालाही वापरतात आणि नुसत्या तापाला, अंगदुखीलाही. बाई ‘मलुंगो’ म्हणाली की चाचणी करायची, निदान झालं असं धरून चालायचं नाही.

पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. याच दिवसांत हिवताप वाढतो, नदीनाले रस्ता अडवतात, आणि जानेवारी ते मार्च घरातला मका संपत आलेला असतो. म्हणजे सगळ्यात आजारी, सगळ्यात भुकेली आणि दवाखान्यापासून सगळ्यात लांब गरोदर बाई याच तीन महिन्यांत भेटते. रजा घ्यायचीच असेल तर या काळात घेऊ नका.

पायरी १: ती उशिरा का येते ते समजून घ्या

२०१५-१६च्या लोकसंख्या-आरोग्य पाहणीत मलावीत पहिल्या तिमाहीतच तपासणीला आलेल्या बायका चौघींतली एक इतक्याच होत्या. शेवटी मात्र जवळजवळ सगळ्याच एकदा तरी येतात. म्हणजे दवाखान्यावर विश्वास आहे, घाई नाही. सुरुवातीचे महिने बोभाटा करायचा नाही, कुणाची वाईट नजर किंवा जादूटोणा बाधेल, ही भीती खरी असते. आपल्याकडेही तिसरा महिना सरेपर्यंत कोण कुणाला सांगतं?

दुसरं कारण दवाखान्यानेच तयार केलेलं असतं. नवी नोंदणी आठवड्यात एकाच वारी करायची, आणि ‘नवऱ्याला घेऊन ये, मग बघू’ असं सांगायचं. नवऱ्याची तपासणी व्हावी हा हेतू चांगला आहे. पण जिचा नवरा दक्षिण आफ्रिकेत मजुरीला गेलाय किंवा जिला नवराच नाही, तिने काय करावं? काही ठिकाणी तिला गावच्या मुखियाकडून ‘हिला नवरा नाही’ अशी चिठ्ठी आणावी लागते. तुमच्या हातात असेल तर पहिल्या दिवशी एवढं करा: कुठल्याही वारी आलेली पहिली नोंदणी परत पाठवायची नाही, एकटी आली तरी.

पायरी २: आधी बोटाचं रक्त, मग वजनकाटा

सकाळी बायका बाकांवर बसून टाळ्या वाजवत आरोग्याची गाणी म्हणतात. मच्छरदाणी, लोहाच्या गोळ्या, एचआयव्ही, सगळं त्या गाण्यांत असतं. हा वेळ वाया जातोय असं वाटून कुणी आखडता घेतला तर घेऊ देऊ नका. मात्र गाणी चालू असतानाच रक्त घ्यायला सुरुवात करा. झटपट चाचणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आधी वजन, मग पोट, मग रक्त असा क्रम ठेवला की दुपार होते आणि निकाल हातात येण्याआधी बाई निघून गेलेली असते.

एकाच टोचणीत काय काय होतं? एचआयव्ही आणि उपदंश यांची जोडचाचणी (जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गरोदर बायकांसाठी पहिली चाचणी म्हणून हीच सुचवली), हिमोग्लोबिन, किट असेल तर कावीळ ब, आणि ताप असेल तर हिवतापाची पट्टी. अनामिकेच्या पेराला मधोमध न टोचता कडेला टोचा. मधोमध टोचलेलं बोट दोन दिवस दुखतं, आणि तिला घरी जाऊन मका कांडायचा असतो.

किटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. बहुतेक किट २ ते ३० अंश तापमानात ठेवायची असतात. शिरे नदीच्या खोऱ्यात, चिकवावा-नसांजे भागात, ऑक्टोबरात पारा चाळिशीला टेकतो आणि भांडारावर पत्रा असतो. किटच्या खोक्याजवळ साधा थर्मामीटर टांगा आणि खोकं भिंतीच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून वर ठेवा. एका कंपनीच्या किटमधलं द्रावण दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर टाकायचं नाही. द्रावण संपलं म्हणून हे सर्रास होतं. निकाल ठरलेल्या वेळेतच वाचायचा. तासाभराने उमटलेली फिकट रेघ निकालात धरायची नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल संपलेला असतो, म्हणून टायमर स्वतःचा न्या.

आणि सगळ्यांनी एकाच दारातून आत जायचं, एकाच दारातून बाहेर यायचं. ज्यांना ‘जरा तिकडे बसा’ म्हणतात त्या कोण, हे बाकांवरच्या बायका पाच मिनिटांत ओळखतात.

पायरी ३: एचआयव्हीचा निकाल

२०२०-२१च्या पाहणीत मलावीत दर १०० प्रौढांमागे सुमारे ९ जणांना एचआयव्ही आढळला. दक्षिणेत प्रमाण जास्त, उत्तरेत कमी. उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणापासून अंगावर पाजणं संपेपर्यंत उपचार नीट चालले तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. ही दरी मलावीने कशी बुजवली ते माहीत असलेलं बरं.

२०११च्या आधी गरोदर बाईला आजन्म औषध द्यायचं की थोडे महिने, हे सीडी४ पेशी (रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी) मोजून ठरत असे. सीडी४चं यंत्र जिल्ह्याच्या गावी आणि बाई खेड्यात. मलावीच्या आरोग्य खात्याने सरळ ठरवलं की पेशी मोजायच्याच नाहीत, एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या दिवसापासून आयुष्यभर औषध द्यायचं. ‘ऑप्शन बी प्लस’ म्हणून हे गाजलं. २०११च्या दुसऱ्या तिमाहीत औषध सुरू केलेल्या गरोदर आणि स्तनदा बायका १,२५७ होत्या. २०१२च्या तिसऱ्या तिमाहीत त्या १०,६६३ झाल्या. पुढे जगाने हीच वाट धरली. एका गरीब देशाने यंत्र नाही म्हणून काढलेला मार्ग श्रीमंतांनाही पटला, हे मला अजून फार आवडतं. आणि हे परवडलं त्यामागे भारतातली स्वस्त औषधं आहेत. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा तोच उपचार १० हजार डॉलरच्या घरात होता.

आता प्रत्यक्ष कृती. पहिली पट्टी सकारात्मक आली म्हणजे निदान झालं नाही. तीन वेगवेगळ्या चाचण्या एकापाठोपाठ सकारात्मक आल्या की मगच एचआयव्ही म्हणायचं. निकाल एकमेकांशी जुळत नसतील तर चौदा दिवसांनी पुन्हा. औषध सुरू करण्याआधी शक्यतो दुसऱ्या माणसाने नव्याने चाचणी करून खात्री करायची. नावांची, नळ्यांची अदलाबदल होते, आणि आयुष्यभराचं औषध चुकीच्या बाईला लागू नये.

त्याहीआधी विचारायचा प्रश्न: ‘अमायी, तुम्ही आधीपासून गोळ्या घेता का?’ आता एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त आधीच उपचारावर असतात. काहीजणी लाजेने किंवा भीतीने सांगत नाहीत आणि ‘नवीन’ म्हणून नोंदल्या जातात. मग एकीची दोन कार्डं होतात आणि जुन्या केंद्रात ती ‘बेपत्ता’ ठरते. प्रत्येकीकडे तिची आरोग्यवही असते. तिथे रुग्णाची नोंद रुग्णाच्याच हातात राहते. ती मागची पानं उलटून नीट बघा. उपचारावर असलेल्या बाईची पुन्हा चाचणी करून काही कळत नाही. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, शेवटचा कधी तपासला आणि किती आला, ते बघायचं. जास्त असेल तर गोळ्या कुठे अडतात ते शोधायचं.

नव्याने निदान झालेल्या बाईला त्याच दिवशी रोजची एक गोळी सुरू होते: टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोलुटेग्राव्हिर एकत्र. सगळे तिला ‘टीएलडी’ म्हणतात. डोलुटेग्राव्हिरने बाळाच्या मज्जारज्जूत दोष येतो का, अशी शंका २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या माहितीवरून आली होती. नंतर जास्त बाळंतपणं मोजल्यावर ती विरली आणि २०१९ मध्ये गरोदर बायकांसाठीही हेच औषध पहिल्या पसंतीचं ठरलं. जुनी नर्स अजून घाबरत असेल तर तिला हे शांतपणे सांगा. मात्र तीव्र डोकेदुखी, मान आखडलेली असेल तर टीएलडी त्या दिवशी सुरू करू नका. मेंदूज्वर आधी तपासायचा.

एक खोच पुस्तकात असूनही विसरली जाते. आपण प्रत्येक गरोदर बाईला लोहाची गोळी देतो. लोह आणि कॅल्शियम रिकाम्या पोटी डोलुटेग्राव्हिरबरोबर गेले तर डोलुटेग्राव्हिर अंगी लागत नाही. म्हणून टीएलडी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर दोन्ही जेवणाबरोबर एकदम. घड्याळ नसलेल्या घरात तिसरा पर्याय चालतो: ‘संध्याकाळच्या न्सिमाबरोबर (मक्याच्या पिठाच्या घट्ट जेवणाबरोबर) दोन्ही.’

गोळ्या ठेवायच्या कुठे, हे विचारल्याशिवाय बाईला उठू देऊ नका. प्लास्टिकची बाटली चालताना खुळखुळते आणि तो आवाज आता गावात सगळ्यांच्या ओळखीचा झालाय. बायका बाटलीत कापूस कोंबतात. कापसाचा बोळा तुम्हीच दिलात तर तिला कळतं की हा माणूस आपल्या बाजूचा आहे.

कारण गळती इथेच आहे. ऑप्शन बी प्लसच्या सुरुवातीच्या काळात औषध सुरू केलेल्यांपैकी १७ टक्के बायका सहा महिन्यांत दिसेनाशा झाल्या. आजार वाढल्यामुळे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत गरोदरपणात सुरू करणाऱ्या बायकांचं पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचं प्रमाण पाचपट होतं. धडधाकट बाई पोट दाखवायला आली आणि दोन तासांत आयुष्यभराच्या गोळ्या घेऊन निघाली. तिने घरी जाऊन काय सांगायचं? मला हा आकडा आळसाचा वाटत नाही. म्हणून पहिल्या दिवशी गोळ्या द्याच, पण पंधरवड्याने पुन्हा बोलवा. आणि जिला स्वतःला एचआयव्ही आहे, जिचं बाळ निरोगी आहे, अशा गावातल्या बाईशी तिची पंधरा मिनिटं गाठ घालून द्या. बऱ्याच केंद्रांवर अशा मदतनीस आया असतात. माझ्या तासाभराच्या समुपदेशनापेक्षा त्यांची पंधरा मिनिटं भारी पडलेली मी पाहिली आहेत.

निकाल नकारात्मक आला तरी काम संपत नाही. गरोदरपणात किंवा पाजत असताना नव्याने संसर्ग झाला तर आईच्या रक्तात विषाणू अचानक वाढतो आणि बाळाला धोका जास्त असतो. शेवटच्या तिमाहीत पुन्हा चाचणी करा. नवरा सकारात्मक असेल तर तिला प्रतिबंधक गोळ्या देता येतात.

पायरी ४: उपदंश, म्हणजे एका इंजेक्शनची गोष्ट

एचआयव्हीच्या सावलीत उपदंश झाकला जातो. उपचार न केलेल्या उपदंशात निम्म्याहून जास्त गरोदरपणांचा शेवट वाईट होतो: मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, किंवा जन्मतःच रोग. आणि उपाय आहे बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, निम्मं एका कुल्ल्यात, निम्मं दुसऱ्या. रोग नेमका किती जुना ते माहीत नसेल, आणि तिथे बहुधा नसतंच, तर आठवड्याच्या अंतराने तीन. पहिलं मात्र पट्टी वाचल्या वाचल्या द्यायचं. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी दिलेलं असेल तरच बाळासाठी ते पुरेसं धरतात, म्हणून आठव्या महिन्यात आलेल्या बाईच्या बाबतीत एक आठवडाही मोलाचा असतो.

पावडर कालवल्यावर लगेच टोचा, नाहीतर सुईत गुठळी अडकते. सुई जाडच घ्या. आधी पेनिसिलिनची ॲलर्जी विचारा, ॲड्रेनलिन जवळ ठेवा. त्या रात्री ताप येऊ शकतो, पोटात कळा येऊ शकतात, हे तिला आधी सांगा. ॲलर्जी असेल तर एरिथ्रोमायसिन देऊन समाधान मानू नका. ते वारेतून बाळापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. जिल्हा रुग्णालयात पाठवून पेनिसिलिनच कसं देता येईल ते बघायचं. साठा कमी असेल तर गरोदर बाईचा हक्क पहिला.

झटपट पट्टी एकदा सकारात्मक झाली की उपचारानंतरही बहुधा तशीच राहते. मागच्या खेपेला उपचार झाले का ते वहीत बघा. पुरावा नसेल तर पुन्हा टोचा. एका जादा इंजेक्शनने नुकसान होत नाही. नवऱ्याला टोचलं नाही तर दोन महिन्यांत ती पुन्हा तिथेच.

पायरी ५: हिवताप, आणि तीन गोळ्यांची गडबड

गरोदर बाईच्या हिवतापाचे परोपजीवी वारेत जाऊन दडतात. बोटाच्या रक्तात काही दिसत नाही, बाईला तापही नसतो, पण आत बाळाची वाढ खुंटते. पहिलटकरणीला सर्वांत जास्त त्रास, पुढच्या खेपांत थोडी प्रतिकारशक्ती येते. एचआयव्ही असेल तर ती येत नाही.

म्हणून लक्षणं असोत-नसोत, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच्या तीन गोळ्या एकदम देतात. हे धोरण १९९३ मध्ये सर्वांत आधी मलावीनेच घेतलं. दुसऱ्या तिमाहीपासून प्रत्येक भेटीला, दोन डोसांत निदान एक महिना अंतर ठेवून, कमीत कमी तीन डोस. गोळ्या समोरच गिळायला लावायच्या. रिकाम्या पोटी चालतात. दोन स्वच्छ पेले आणि पाण्याचा डबा टेबलावर आहे का ते सकाळी बघा. पेला नाही म्हणून गोळ्या घरी नेल्या जातात आणि घरच्या तापकऱ्याला दिल्या जातात. याच काळात फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं देऊ नका, त्याने या गोळ्यांचा जोर कमी होतो. ०.४ मिलिग्रॅमचं द्या. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी पहिल्या भेटीलाच हातात.

आता ती चूक, जी मी स्वतः केली. एचआयव्ही असलेल्या ज्या बायका कोट्रायमोक्साझोल (इतर संसर्ग टाळण्यासाठी रोज घ्यायचं अँटिबायोटिक) घेतात, त्यांना या तीन गोळ्या द्यायच्या नसतात. दोन्ही सल्फा, दुष्परिणामांची भर पडते. कोट्रायमोक्साझोल त्यांचं हिवतापापासूनही रक्षण करतं. हे मला पाठ होतं. तरी गर्दीच्या दिवशी मी पाण्याच्या डब्याजवळ उभा राहून रांगेतल्या प्रत्येकीला तीन-तीन गोळ्या वाटत गेलो, आणि एकीने गिळल्यावर हळूच आपली बाटली दाखवली. सगळ्यांसमोर ‘मला नको’ म्हणण्यापेक्षा तिने गिळणं पसंत केलं होतं. सुदैवाने तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या डब्याजवळ वाटणं बंद केलं. तपासणीच्या खोलीत, वही उघडून, एकेकीला.

ताप असेल तर पट्टी लावा आणि सकारात्मक आली तर उपचार करा. आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन आता पहिल्या तिमाहीतही चालतं, २०२२ पासून तशी शिफारस आहे. झटके, गुंगी, काळी लघवी किंवा फटफटीत पांढरे डोळे दिसले तर आर्टेसुनेटचं इंजेक्शन देऊन लगेच रवानगी.

पायरी ६: चार प्रश्न, दोन गोळ्या

क्षयरोगासाठी दर भेटीला चार प्रश्न: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन. गरोदर बाईत वजन घटल्याचं दिसत नाही, ते वाढत नाही एवढंच दिसतं. सिकेलोचा आकडा त्यासाठी वाचायचा असतो. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर बेडका जीनएक्स्पर्टला, म्हणजे क्षयरोग शोधणाऱ्या यंत्राला. नेहमीची चार औषधं गरोदरपणात चालतात, स्ट्रेप्टोमायसिन नाही, त्याने बाळाचे कान जातात. रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं.

जंतांसाठी पहिली तिमाही सरल्यावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. अंकुशकृमी रक्त शोषतात आणि बाळंतपणात हिमोग्लोबिन ६ असलेली बाई समोर येते, तेव्हा पश्चात्ताप होतो.

मलावी सरोवराकाठी, मांगोचीसारख्या भागात, लिकोड्झो विसरू नका. गोगलगाईंतून पाण्यात येणारा हा कृमी धुणं-पाणी करणाऱ्या बायकांच्या कातडीतून शिरतो. लघवीत रक्त हे त्याचं ओळखीचं लक्षण, पण तो योनीमार्गात आणि गर्भाशयाच्या तोंडावरही जखमा करतो. मग अंगावरून जाणं, संबंधाच्या वेळी रक्त, आणि गुप्तरोग समजून उगाच अँटिबायोटिकं. कितीतरी संसार या गैरसमजाने नासतात. पहिल्या तिमाहीनंतर प्राझिक्वांटेल, किलोला ४० मिलिग्रॅम, पोटभर जेवून.

कावीळ ब सकारात्मक आणि एचआयव्हीही असेल तर टीएलडीतली दोन औषधं दोन्ही विषाणूंवर चालतात. म्हणूनच ती गोळी मध्येच थांबवली तर यकृताचा आजार उसळू शकतो, हे बाईला सांगा. फक्त कावीळ ब असेल तर टेनोफोव्हिर मिळतं का ते जिल्ह्याला विचारा. बाळाला जन्मानंतर २४ तासांत लस मिळाली तर सर्वांत चांगलं.

पायरी ७: बाळंतपण, मामा आणि आजी

आपण समजतो की घरात निर्णय नवरा आणि सासू घेतात. मलावीच्या मध्य आणि दक्षिण भागात चेवा, याओ, लोमवे समाज मातृवंशीय आहेत. बऱ्याचदा नवरा बायकोच्या गावी राहायला येतो आणि घरात शब्द चालतो तो बाईच्या मामाचा. उत्तरेत तुंबुका समाजात उलट, तिथे सासरची माणसं. बाईला कुठे बाळंत व्हायचं, पैसे कोण देणार, हे विचारताना आधी ‘घरात कुणाला विचारावं लागतं?’ असं विचारा. उत्तर ऐकून दर वेळी काहीतरी नवीन कळतं.

शेवटच्या महिन्यात, विशेषतः पावसाळ्यात, दवाखान्याजवळच्या प्रतीक्षागृहात येऊन राहायला सांगा. मका, भांडं, चितेंजे (ती कापडं नेसायलाही लागतात आणि बाळ गुंडाळायलाही) बरोबर आणावी लागतात. काही गावांत घरी बाळंत झाल्यास मुखिया कोंबडी-बकरीचा दंड करतो. माझ्या मते याने बाळंतपणं दवाखान्यात कमी येतात आणि लपवाछपवी जास्त होते. दंडाला भिऊन बाई बाळ घेऊन येतच नाही, मग बाळाचं औषध हुकतं.

म्हणूनच नेव्हिरापिनच्या (बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायच्या औषधाच्या) सिरपची बाटली आणि सिरिंज आधीच देऊन ठेवा. बाळ अडीच किलोच्या वर असेल तर रोज दीड मिलिलिटर, खाली असेल तर एक, सहा आठवडे. सिरिंजवर पेनाने रेघ मारून द्या. पहिला डोस जन्मल्यावर जितक्या लवकर तितका बरा. आईने औषध उशिरा सुरू केलं असेल किंवा व्हायरल लोड जास्त असेल तर बाळाला दोन औषधं बारा आठवडे लागतात. ते आधी कळावं म्हणून ३४-३६ आठवड्यांना व्हायरल लोड पाठवा. आईचा उपदंश राहून गेला असेल तर बाळालाही पेनिसिलिन.

अंगावर पाजायचं, आणि आईने गोळ्या घेत घेत पाजायचं. वरचं दूध सुरक्षित, असं आपल्याकडचा सुशिक्षित माणूस पटकन म्हणतो. बोट्स्वानाने चांगल्या हेतूने डब्याचं दूध फुकट दिलं होतं. २००६च्या सुरुवातीला मोठा पाऊस झाला, पाणी दूषित झालं आणि जुलाबाच्या साथीत पाचशेहून जास्त मुलं गेली. अंगावर न पिणं हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण निघालं. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी नाही, फाला नावाची पेज नाही, झाडपाला उकळलेलं पाणीही नाही. हे आईला सांगून भागत नाही, अगोगोला समोर बसवून सांगा. स्तनाग्राला भेग पडली, स्तनात पू झाला तर त्या बाजूचं दूध पिळून टाकायचं, दुसऱ्या बाजूने पाजायचं, आणि त्याच दिवशी यायचं.

पायरी ८: सहा आठवड्यांचं बाळ

बाळाच्या टाचेतून रक्ताचे ठिपके कागदी कार्डावर घेऊन पाठवतात. सावलीत, आडवं ठेवून, निदान तीन तास वाळवा. ओलं कार्ड पाकिटात घातलं की नमुना बाद आणि बाईची फेरी वाया. निकाल यायला काही आठवडे लागू शकतात. केंद्राजवळ त्याच दिवशी निकाल देणारं यंत्र असेल तर तेच वापरा. एचआयव्ही झालेल्या बाळांपैकी उपचाराविना एक तृतीयांश पहिल्या वर्षात जातात आणि मृत्यूंचा कळस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच असतो. सकारात्मक निकाल आला की फोन, सायकल, जे सापडेल ते घेऊन बाळापर्यंत पोहोचायचं. याच भेटीपासून कोट्रायमोक्साझोल सुरू. पुढची चाचणी नवव्या महिन्यात, आणि शेवटची पाजणं थांबल्यावर तीन महिन्यांनी. बाईला पहिलाच निकाल शेवटचा वाटतो. वहीत शेवटच्या चाचणीची तारीख ठळक लिहा.

पायरी ९: जी आली नाही तिच्याकडे जाणं

गावपातळीवर सरकारी आरोग्य सहायक असतात, सायकलवर हिंडतात. कुठली बाई चुकली याची यादी दर शुक्रवारी काढा आणि दोन आठवड्यांहून जास्त झालेल्यांकडे त्यांना पाठवा. मात्र ‘घरी कुणी आलं तर चालेल का, काय निमित्त सांगावं?’ हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवलेलं असावं. नाहीतर तुमची सायकलच तिचं गुपित फोडते. नवऱ्याला सांगायला भाग पाडू नका. मार खायची भीती आहे का, ते एकटीला विचारा. तोंडातल्या लाळेवर होणारी घरगुती चाचणी तिच्याबरोबर नवऱ्यासाठी देता येते. दवाखान्याची पायरी न चढणारा पुरुष ती घरात करतो.

केंद्रावर रुजू झाल्यावर आणखी एक गोष्ट तपासा: कुणाचा पगार कुठून येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा त्या पैशावर नेमलेले समुपदेशक, मदतनीस घरी बसले आणि गोळ्या असूनही देणारं कुणी नाही अशी वेळ आली. सरकारी पगारावरच्या दोन नर्सना तरी बोटाच्या रक्तापासून टाचेच्या ठिपक्यापर्यंत सगळं शिकवून ठेवा.

तुम्हाला स्वतःला सुई लागली तर पिळत बसू नका. साबणाने धुवा आणि प्रतिबंधक गोळ्या लगेच सुरू करा, ७२ तासांच्या आत, २८ दिवस. पहिला डोस भांडाराच्या कपाटात आहे का, आणि रात्री त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे पोहोचल्या दिवशीच विचारून घ्या.